हिंजवडीतल्या सीनियर प्रॉडक्ट मॅनेजरला पुढची पायरी केवढ्याला पडते?

हिंजवडी, माण आणि मारुंजी ही मुळशी तालुक्यातली गावं. तहसील कचेरी पौडला, आणि तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला राजीव गांधी इन्फोटेक पार्क. या पार्कात दहा-बारा वर्षं काढलेले, नावापुढे ‘सीनियर प्रॉडक्ट मॅनेजर’ लागूनही तीन-चार वर्षं झालेले बरेच जण आज एकाच जागी अडकले आहेत. पुढचं पद प्रिन्सिपल, ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर किंवा डिरेक्टर. ते आहे त्या कंपनीत मिळवायचं, की ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्टसारख्या मोठ्या कंपनीत जाऊन, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न खिशाचा. मोबाइलवर रोज जाहिराती येतात: अमुक आठवड्यांत प्रॉडक्ट लीडर व्हा, तमुक लाख भरा, हप्त्याची सोय आहे.

माझं मत आधीच सांगते. या प्रवासात ज्या खर्चाची पावती मिळते, तो खर्च तुलनेनं किरकोळ असतो. खरा फटका बसतो तो पावती न मिळणाऱ्या खर्चाचा: काही महिने आधी राजीनामा दिल्यामुळे बुडालेली ग्रॅच्युइटी, हाती न आलेले शेअर्स, खालच्या लेव्हलवर स्वीकारलेली ऑफर, शहर बदलल्यावर वाढलेलं भाडं. माणसं दोन लाखांच्या कोर्सवर महिनाभर विचार करतात आणि दहा लाखांचं कलम न वाचता ऑफर लेटरवर सही करतात. खाली दिलेल्या रकमा ढोबळ आहेत. तुमच्या पगाराचे आकडे घालून हिशेब नव्याने मांडा.

कोर्स, पदव्या, प्रमाणपत्रं

मुळशी तालुक्यात व्यवस्थापन शिक्षणाला तोटा नाही. सिंबायोसिसची एसआयबीएम लवळ्याच्या टेकडीवर, फ्लेम विद्यापीठही लवळ्यातच, एससीएमएचआरडी तर थेट हिंजवडीत. नोकरी सांभाळून करायच्या पदव्या आणि त्यांच्या जोडीला नामवंत संस्थांचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स, असे दोन्ही पर्याय समोर असतात. त्यांतला पहिला फरक कराचा. मान्यताप्राप्त संस्थेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या फीवर जीएसटी नसतो. काही महिन्यांच्या एक्झिक्युटिव्ह सर्टिफिकेट कोर्सवर साधारणपणे १८ टक्के लागतो. जाहिरातीत ‘दोन लाख’ लिहिलं असेल तर खिशातून २ लाख ३६ हजार जातात. ‘जीएसटी वेगळा’ ही ओळ पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असते, ती शोधा.

दुसरा फरक उपयोगाचा. सर्व्हिस कंपनीत प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला प्रॉडक्टकडे वळायचं असेल तर पदवी किंवा चांगला कोर्स दार उघडून देऊ शकतो. पण जो आधीच सीनियर प्रॉडक्ट मॅनेजर आहे त्याची पदोन्नती प्रमाणपत्रावर होत नाही. त्याने कोणता अवघड निर्णय घेतला आणि त्याचा निकाल काय लागला, याच्यावर ती ठरते. म्हणून या टप्प्यावर लाखांतले कोर्स घेऊ नयेत, असंच मी सांगेन. अपवाद एक: कंपनी पैसे देत असेल तर. अनेक कंपन्यांत शिक्षणासाठी वार्षिक रक्कम राखलेली असते आणि मार्चअखेर ती तशीच पडून राहते. आधी एचआरला विचारा. त्याबरोबरच कोर्सनंतर किती महिने कंपनी सोडता येणार नाही, हेही लेखी घ्या.

स्क्रमची प्रमाणपत्रं तुलनेनं स्वस्त आहेत, तरी नीट निवडावीत. स्क्रम अलायन्सच्या सीएसपीओसाठी प्रशिक्षण घ्यावंच लागतं आणि दर दोन वर्षांनी १०० डॉलर भरून नूतनीकरण करावं लागतं. स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसपीओ-१ ला प्रशिक्षणाची सक्ती नाही. ६० मिनिटांत ८० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ८५ टक्के, आणि एकदा मिळालेलं प्रमाणपत्र कायमचं. या परीक्षेची फी २०० डॉलर, म्हणजे साधारण अठरा हजार रुपये. क्रेडिट कार्डाने डॉलरमध्ये पैसे भरताना बँक साधारण २ ते ३.५ टक्के जादा आकारते, शिवाय त्या आकारणीवर जीएसटी. ज्या ठिकाणी अर्ज करणार आहात तिथल्या जाहिरातीत या प्रमाणपत्राचं नाव नसेल तर हेही पैसे वाचवा.

‘नो कॉस्ट ईएमआय’ घेताना करारावर नाव कोणाचं आहे ते बघा. बहुतेक वेळा ते शिकवणाऱ्या संस्थेचं नसून एखाद्या एनबीएफसीचं असतं. म्हणजे तुम्ही फीचा हप्ता भरत नाही, कर्ज घेता. कोर्स आवडला नाही, शिक्षक बदलले, वर्ग बंद पडले, तरी हप्ता चालूच राहतो. तो चुकला तर सिबिलवर डाग, आणि पुढे घराच्या कर्जाला तो आडवा येतो. डिजिटल कर्जात ग्राहकाला दंड न भरता माघार घेण्यासाठी ‘कूलिंग-ऑफ’ मुदत द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती मुदत किती दिवसांची आहे, हे सही करण्याआधी विचारा. सही केल्यानंतर ती सहज निघून जाते.

पैसे घालावेत ते सरावात

मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतींचे प्रकार आता सर्वांना ठाऊक आहेत: प्रॉडक्ट कसं सुचवता, आकडे कसे वाचता, धोरण कसं आखता, लोकांना कसं सोबत घेता. ॲमेझॉनमध्ये ‘बार रेझर’ असतो, म्हणजे ज्या टीमला माणूस हवाय त्या टीमबाहेरचा मुलाखतकार. त्याचं मत वजनदार असतं. या साऱ्याची तयारी वाचून निम्मी होते, उरलेली तोंडाने बोलूनच होते.

पुस्तकांचा खर्च तीन-चार हजारांच्या पुढे जात नाही. मार्टी केगनचं ‘इन्स्पायर्ड’, गेल मॅकडॉवेल आणि जॅकी बवारो यांचं ‘क्रॅकिंग द पीएम इंटरव्ह्यू’, आणि याच दोघींचं २०२१ सालचं ‘क्रॅकिंग द पीएम करिअर’ एवढी तीन बास. शेवटचं पुस्तक करिअरमध्ये पुढे सरकण्याबद्दल आहे. या वाचकाने सुरुवात तिथूनच करावी.

मॉक इंटरव्ह्यूचे तीन भाव आहेत. बरोबरीच्या मित्र-मैत्रिणींनी एकमेकांच्या घ्यायच्या, त्या फुकट. भारतातल्या मोठ्या कंपनीत काम करणाऱ्या अनुभवी माणसाकडून तासाला साधारण हजार ते पाच हजार रुपये. अमेरिकेतल्या नावाजलेल्या कोचकडून तासाला दीड-दोनशे डॉलर आणि पुढे. माझा सल्ला असा: पहिल्या आठ-दहा फेऱ्या मित्रांबरोबर करा, रेकॉर्ड करून ऐका, आणि बोलण्यातला अडखळा निघून गेल्यावरच पैसे मोजा. मग पाच-सहा सशुल्क सत्रं पुरतात. तीन हजारांच्या दराने सहा सत्रं म्हणजे अठरा हजार. बारा सत्रांचं पॅकेज आधीच घेऊ नका, एकेक सत्राचे पैसे भरा. कोच निवडताना त्याने स्वतः तुमच्या पुढच्या लेव्हलच्या मुलाखती घेतल्या आहेत का, एवढंच विचारा. त्याचे फॉलोअर किती आहेत याचा तुम्हाला काहीही उपयोग नाही.

फुकटातली आणि सगळ्यांत मोलाची गोष्ट

आहे त्या कंपनीत वर जायचं असो वा बाहेर, दोन्हीकडे शेवटी कागद बोलतो. मोठ्या कंपन्यांत पदोन्नतीचा निर्णय एकटा बॉस करत नाही. तो तुमच्यासाठी लेखी प्रस्ताव तयार करतो आणि तुमच्याबरोबर कधीच काम न केलेली वरिष्ठ मंडळी तो वाचतात. ॲमेझॉनने तर २००४ पासून वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकला आणि सहा पानी निवेदन आणलं. बैठकीची सुरुवात सगळ्यांनी ते शांतपणे वाचण्याने होते. अशा ठिकाणी मागच्या दोन वर्षांत काय केलं हे आठवून लिहायला बसलात तर अर्धं निसटतं.

म्हणून आजपासून एक फाईल सुरू करा. दर शुक्रवारी अर्धा तास द्या. नोंद कशी असावी? ‘पेमेंट मॉड्यूल यशस्वीपणे लाँच केलं’ ही नोंद निरुपयोगी आहे. ही बघा: ‘विक्री विभागाला नवं डिस्काउंट फीचर हवं होतं. आकडे पाहिल्यावर दिसलं की ग्राहक ओटीपीच्या पानावरून परत जातायत. फीचर एक तिमाही पुढे ढकलण्याचा प्रस्ताव मांडला, दोन विभागप्रमुखांचा विरोध होता. तीन पानी टिपण लिहून मान्यता घेतली. आधीचा आकडा असा, तीन महिन्यांनंतरचा असा. साक्षीदार: इंजिनीअरिंगचे प्रमुख.’ यात पेच आहे, विरोध आहे, निर्णय आहे, आकडा आहे आणि खात्री देणारा माणूस आहे. सीनियर आणि प्रिन्सिपल यांच्यातला फरक नेमका इथे दिसतो. सीनियर माणूस दिलेलं काम उत्तम पार पाडतो. प्रिन्सिपल कोणतं काम करायचं हे ठरवतो, आणि आपल्या हाताखाली नसलेल्या चार टीमना ते पटवून देतो. कंपनीची गोपनीय माहिती मात्र घरच्या लॅपटॉपवर आणू नका. आकडे टक्क्यांत आणि नावं गाळून लिहा.

एक धोका सांगायलाच हवा. बॉस बदलला की ही शिडी अनेकदा तळापासून चढावी लागते, कारण नव्या माणसाला तुमचं काम माहीत नसतं. पहिल्याच आठवड्यात ही फाईल दोन पानांत आटोपशीर करून त्याच्या हाती द्या. मोठ्या कंपन्यांत रीऑर्ग वरचेवर होतात. ज्यांचं काम लिहिलेलं असतं, त्यांचं वर्ष वाचतं.

आठवड्याला पाच-सहा तास काढणं हाच इथला खरा खर्च. भूमकर चौक आणि शिवाजी चौकात रोज अडकणाऱ्याला, रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल असणाऱ्याला ते जड जातं, याची मला जाणीव आहे. घरच्यांशी बोलून दोन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ नक्की ठरवून घ्या.

नोकरी बदलताना सुटणारे पैसे

आधी ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत पाच वर्षं पुरी झाल्याशिवाय ती साधारणपणे मिळत नाही. हिशेब असा: शेवटचं मासिक मूळ वेतन गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ वेतन दीड लाख असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ४ लाख ३३ हजार होते, आणि करमाफीच्या मर्यादेत असल्याने जवळजवळ पूर्ण हाती येते. चार वर्षं तीन महिन्यांवर निघालात तर ही रक्कम मागे सोडताय. घाई असेलच तर हा आकडा नव्या कंपनीपुढे ठेवून भरपाई मागा. प्रॉव्हिडंट फंड काढू नका, ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो.

मग नोटीस. हिंजवडीतल्या बऱ्याच कंपन्यांत ती ९० दिवसांची असते आणि नव्या कंपनीला माणूस ४५ दिवसांत हवा असतो. उरलेल्या ४५ दिवसांचे पैसे भरून सुटका करून घेता येते, पण दर कशावर? एकूण पगार महिना तीन लाख आणि मूळ वेतन दीड लाख असेल, तर एकूण पगारावर साडेचार लाख जातात, मूळ वेतनावर सव्वादोन. नेमणूकपत्रात हे लिहिलेलं असतं. या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. कोणी लावला तर ते परिपत्रक दाखवा.

जॉइनिंग बोनसचं कलम बोट ठेवून वाचा. समजा दहा लाखांचा बोनस आहे. ३० टक्के कर आणि त्यावरचा उपकर कापून हाती ६ लाख ८८ हजार येतात. वर्षाच्या आत सोडलंत तर परत किती द्यायचे? काही पत्रांत पूर्ण दहा लाख लिहिलेले असतात, म्हणजे हाती न आलेले तीन लाख बारा हजारही खिशातून जाणार. सही करण्याआधी दोन बदल मागा: परतफेड हाती आलेल्या रकमेची असावी, आणि जितके महिने काम झालं त्या प्रमाणात ती कमी व्हावी. कंपनीने स्वतः काढून टाकलं तर परतफेड नाही, हेही स्पष्ट लिहून घ्या. नोकरकपातीच्या दिवसांत ही ओळ फार कामाची आहे.

शेअर्स, म्हणजे आरएसयू, हा मोठ्या कंपनीच्या पगाराचा गाभा. ऑफरमध्ये ‘चार वर्षांत ८० लाखांचे शेअर’ दिसलं की मनात दरवर्षी वीस लाख असा भागाकार होतो. ॲमेझॉनमध्ये बरीच वर्षं चालत आलेली पद्धत वेगळी आहे: पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५, मग ४० आणि ४०. म्हणजे चार लाख, बारा लाख, बत्तीस आणि बत्तीस. पहिल्या दोन वर्षांची तूट तिथे रोख बोनसने भरतात, म्हणून दोन्ही आकडे एकत्र बघायचे. प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा. ऑफर आली की वर्षवार चार ओळींचा तक्ता मागा आणि त्याच्या शेजारी सध्याच्या कंपनीत सुटणारे शेअर लिहा. दोन महिन्यांनी सहा लाखांचे शेअर मिळणार असतील तर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलणं हा सहा लाखांचा निर्णय आहे.

शेअर हाती आले त्या दिवशीचा त्यांचा बाजारभाव तुमच्या पगारात धरला जातो आणि त्यावर कर कापला जातो. नव्या करप्रणालीत २४ लाखांच्या वर ३० टक्के, उपकरासह ३१.२. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं तर अधिभारासह ३४.३२ टक्के. पुढे भाव पडला तरी भरलेला कर परत मिळत नाही. झालेला तोटा फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो. ज्या कंपनीवर पगार अवलंबून, तिच्याच शेअरमध्ये बचतही ठेवणं मला धोक्याचं वाटतं. हाती आले की निम्मे तरी विकावेत, आणि घराचं कर्ज असेल तर आलेले पैसे त्यात घालावेत.

परदेशी कंपनीचा एक शेअर नावावर असला तरी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. आयटीआर-१ चालत नाही. हा तक्ता कॅलेंडर वर्षाचा असतो, इथे अनेकांची गफलत होते. न भरल्यास २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता वीस लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे, तरी माहिती द्यावीच लागते. या कामाची सवय असलेला सीए वर्षाला पाच ते दहा हजार घेतो. तेवढे बिनदिक्कत द्या.

आणि लेव्हल. ॲमेझॉनमध्ये एल-६ म्हणजे सीनियर, एल-७ म्हणजे प्रिन्सिपल. मायक्रोसॉफ्टमध्ये प्रिन्सिपल ६५ पासून सुरू होतो. इथला ‘ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर’ तिथे बऱ्याचदा सीनियर म्हणून घेतला जातो. बोनस वाढवून मागण्यात जोर लावण्यापेक्षा तो लेव्हलवर लावा. एका लेव्हलचा फरक भरून काढायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तेवढ्या वर्षांचे शेअर्सही त्याबरोबर जातात.

बंगळूरला जायचं का?

गूगलने जानेवारी २०२२ मध्ये पुण्यातल्या कार्यालयाची घोषणा केली, ॲमेझॉनही पुण्यात आहे. तरी मोठ्या कंपन्यांची वरिष्ठ प्रॉडक्टची पदं अजून मुख्यतः बंगळूर आणि हैदराबादेतच निघतात. मारुंजीत पंचवीस-तीस हजारांत मिळणाऱ्या दोन बेडरूमच्या घराला बंगळूरच्या आयटी पट्ट्यात पन्नास-पंचावन्न हजार सहज पडतात, आणि डिपॉझिट कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकं मागतात. महिन्याला पंचवीस हजारांचा फरक म्हणजे वर्षाला तीन लाख, आणि तेवढे हाती यायला पगार सुमारे ४ लाख ३६ हजारांनी वाढावा लागतो. सामान हलवणं, शाळेचा नवा प्रवेश, बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर गाडीची तिथली नोंदणी आणि कर्नाटकचा कर, हे सगळं वेगळं. जोडीदाराची पुण्यातली नोकरी सुटणार असेल तर तो या यादीतला सर्वांत मोठा आकडा आहे, आणि तो पगाराइतकाच गंभीरपणे मांडायला हवा.

पुण्यात राहून वर जाण्याचा मार्गही आहे. १९९० साली सुरू झालेली पर्सिस्टंट, २००८ साली पुण्यातच उभी राहिलेली ड्रुव्हा, पुण्यात मोठं केंद्र असलेली आयसर्टिस अशा कंपन्यांत जागतिक ग्राहकांसाठी काम चालतं. तिथे शेअर्सची रक्कम कमी असेल, पण निर्णयाचा वाटा मोठा मिळू शकतो, आणि तोच पुढे मोठ्या कंपनीत वरची लेव्हल मागायला उपयोगी पडतो.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

खरी कंपनी नोकरीसाठी उमेदवाराकडून एक रुपयाही घेत नाही. ‘तुमचं प्रोफाइल वरिष्ठांपर्यंत पोचवतो’, ‘आतला माणूस आहे’ असं सांगून पन्नास हजार ते लाखभर मागणारे वरिष्ठ पदांसाठीही फिरतात. फोन ठेवून द्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर तासाभरात १९३० वर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

कोचिंग संस्थांबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. निवडीची हमी, नोकरीची हमी, पगारवाढीची हमी असे खोटे दावे त्यांत निषिद्ध आहेत. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सेल्समनचे मेसेज, फीची पावती आणि परताव्याच्या अटी पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. फोनवर दिलेलं आश्वासन ईमेलवर मागा. दिलं नाही तर पैसे भरू नका.

तक्रारीची वेळ आलीच तर आधी संस्थेला लेखी पत्र पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे बरीच प्रकरणं मिटतात. नाही मिटलं तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. मुळशीच्या रहिवाशाला आपल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, संस्था दिल्लीची असो वा बंगळूरची. संस्थेला दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचं, आणि तो पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीची माणसं अर्ज लिहायला मदत करतात. तक्रार मात्र वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल झाली पाहिजे.